दादासोनं न केलेली खूण

निमगाव केतकीच्या पाणी संस्थेच्या हापिसात, कोपऱ्यात, एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला झाकण नाही, पंखा उघडाच फिरतो, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत दादासो सोडून कुणी बसत नाही. चुकून कुणी बसलंच, तर दादासो नुसता बघतो. तेवढ्यानं माणूस उठतो.

दादासोला कुणी शिकवलं नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, पदवी म्हणून सांगतो. दहावीनंतर खांबांवर चढून केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग इंटरनेटच्या ओढल्या. पुढं वायरीच्या टोकाला बसणाऱ्या यंत्राच्या पोटात काय असतं ते बघायचं म्हणून लिनक्स नावाची फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेतली. लोकांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे पडद्यावरची चित्रं वाटतात. दादासो थेट तिच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये हात घालतो. तिथं पर्यायांची लांबच लांब यादी उघडते. हवं त्याच्यापुढं खूण करायची, नको त्याची काढायची, आणि आपल्या मापाचं कर्नेल बांधून घ्यायचं. दादासोला खुणा काढायची भारी हौस. लागत नाही ते कशाला पोसायचं? "एवढं सडपातळ कर्नेल अख्ख्या तालुक्यात कुणाकडं न्हाय," असं तो सांगायचा. ते खरंही होतं, कारण तालुक्यात दुसऱ्या कुणाला त्याचं पडलेलंच नव्हतं.

संस्थेच्या पाइपलाइनवर शेताशेताला वॉल आहेत. ज्याची पाळी, त्याचा वॉल उघडायचा. दादासोनं प्रत्येक वॉलला मोटर आणि ती चालवणारी डबी बसवली, सगळ्या डब्या आपल्या कॉम्प्युटरला जोडल्या, आणि शेतकरी घरबसल्या मोबाइलवरून आपला वॉल उघडू लागला. भवानीनगरपासून लोक बघायला आले. दादासोच्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. चहा आला की पहिला कप त्याला.

मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं लाइन बदलली. यंत्राला इंटरनेटवर ओळखायचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आलेत म्हणून आसपासच्या सगळ्या गावांना मिळून तिनं एकच पत्ता दिला. झालं! बाहेरून मोबाइलनं वॉलला हाक मारली तर ती कुठल्या गावात, कुठल्या डबीपाशी न्यायची, हे कुणालाच कळेना. वॉल परत पान्यानं फिरवायची वेळ आली.

आणि नेमकी तेव्हाच वृषाली गावात आली.

वृषाली म्हणजे दादासोच्याच गल्लीतली पोर. बारामतीत इंजिनिअर झाली, तिथंच एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. हापिसात चहाच्या वेळी टेकली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, कर्नेलमध्ये आयपीव्ही सिक्सची खूण काढलीय का तुम्ही? ती करा ना. नव्या पद्धतीत पत्ते इतके आहेत, की एकेका वॉलला स्वतःचा मिळंल."

चेअरमन नीळकंठतात्यांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! पोरीनं बसल्या बसल्या सांगितलं. आन् आमी पाने घिऊन पळतोय."

दादासोनं तोंड पडद्याकडं वळवलं. खूण त्यानंच काढली होती. 'नवं खूळ, आपल्याला काय करायचं' म्हणून काढली होती, आणि ते त्याला चांगलं आठवत होतं.

"फक्त काका," वृषाली सांगत होती, "चालू करताना त्याची फायरवॉल वेगळी..."

"मला शिकवू नगंस," दादासो म्हणाला. "तू फ्रॉकात हिंडत हुतीस तवा ह्या गावात नेट मी आणलंय."

चहा आला. तात्यांनी पहिला कप वृषालीच्या हातात दिला.

त्या कपानं दादासोची झोप खाल्ली म्हटलं तरी चालेल. त्याची सख्खी चुलती बानूबाई घरी येऊन म्हणाली, "वृषाली लई गुणाची हाय, न्हाय का रं?" तो नुसता "हं" म्हणाला. बायको म्हणाली, तिला विचारून करा. त्यानं ताट सरकवलं. तिचा लॅपटॉप, तिची इंग्रजी, तिचं 'काका' म्हणणंसुद्धा त्याला टोचायला लागलं. आठ-दहा दिवसांवर संस्थेची बैठक होती आणि तात्यांनी आडून सुचवलं होतं, की यंत्राचं काम तिच्याकडं द्यावं का. म्हणजे ती खुर्ची जाणार. दुसरं काही गेलं असतं तर दादासोनं सोसलं असतं.

बैठक दोन दिवसांवर आली तशी त्यानं यादी उघडली, आयपीव्ही सिक्सपुढं खूण केली, कर्नेल बांधायला टाकलं. जुनं यंत्र रात्रभर घरघरलं. सकाळी प्रत्येक वॉलला स्वतःचा पत्ता! दादासोनं घरून मोबाइलवर बोट टेकवलं आणि तिकडं माळावरचा वॉल उघडला. एकटाच हसला तो.

आता ह्या गावची एक रीत आहे. पाण्यातलं काही झाकून ठेवायचं नाही. कुणाची पाळी कधी, हे आधी पारावर ओरडून सांगायचे, आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. उघड असलं की चोरी होत नाही, हा इथला हिशेब. त्या रीतीनं दादासोनं सगळ्यांच्या वॉलचे पत्ते ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "ज्यानं त्यानं आपापला वॉल बघावा. काम पूर्ण. दादासो." तात्यांचे हात जोडलेले आले, फुलं आली, अंगठे आले.

आणि वृषालीचा फोन आला.

दादासोनं कापला. परत आला, परत कापला. 'बघा काका, मी सांगितलं हुतं ना' असंच म्हणणार ती. श्रेय घ्यायला फोन! त्यानं तिच्या नंबराचा आवाज बंद करून ठेवला आणि बैठकीला घालायचा सदरा इस्त्रीला दिला.

बैठक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुपारी बानूबाई डोक्यावरचा पदर सावरत हापिसात आली. तिचं रान पाइपलाइनच्या शेवटाला, आणि पाळी तिची.

"दादा, माझं पाणी मधीच कापलं रं. वॉल आपोआप मिटला."

"आपोआप कसा मिटंल?"

"मग वर विजयसिंहाच्या डाळिंबात पाणी कसं वाहतंय?"

दादासोनं विजयसिंहाला फोन लावला. तो लाजलाही नाही. "तिचा पत्ता तूच ग्रुपवर टाकलास दादासो. लावून बघितला, लागला. दार उघडं हाय तर आत जाणारच की माणूस."

दादासोनं धडाधड यंत्रावर नियम तपासले. कोण आत येईल, कोण नाही, याचे नियम त्यानंच लिहिले होते आणि ते जागच्या जागी होते. पण ते जुन्या पत्त्यांचे. नव्या पत्त्यांना नियम घालायला गेला, तर यंत्र म्हणालं, हे मला येतच नाही. नव्या पत्त्यांच्या फायरवॉलची, म्हणजे ह्या राखणीची, यादीत वेगळी खूण होती. ती त्यानं केलीच नव्हती. गावातल्या कुणालाही कुणाचाही वॉल उघडता येत होता, आणि पत्ते वाटले होते दादासोनं.

"वृषालीला बोलीव की," बानूबाई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

बाहेर स्कूटी थांबली. वृषाली बारामतीहून उन्हातनं थेट आली होती.

"काका, फोन का कापत होता?"

"कामात हुतो."

"फायरवॉलची खूण राहिली ना?"

"केलीय."

पडद्यावर चूक ठसठशीत दिसत होती. वृषालीनं ती वाचली आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत उभी राहिली. तिनं हसायला पाहिजे होतं. हसली असती तर दादासोला भांडता तरी आलं असतं.

"लाइट चारला जातीया," बानूबाई म्हणाली. "मग बसा खुणा करत."

दादासोनं बाहेरची वायर उपटली. आता विजयसिंहाचा हात आत येणार नव्हता, पण बानूबाईचा वॉल मिटलेलाच होता. मोबाइलची वाटही बंद झाली, म्हणजे तो पान्यानंच उघडायला पाहिजे.

"मी जाते," वृषाली म्हणाली.

"तुला जमायचं न्हाय. गंजलाय तो. कुठं ठोकायचा ते मला ठाऊक हाय."

म्हणजे जायचं दादासोनंच. आणि खूण करून नवं कर्नेल बांधायचं, तर इथं कुणीतरी बसायला हवं. दादासोनं खुर्चीकडं बघितलं. पासवर्ड घातलेलाच होता. त्याच्या जुन्या यंत्राला रात्र लागायची; हिच्या लॅपटॉपला किती लागेल, हे विचारायचीसुद्धा त्याला इच्छा नव्हती.

"बस," तो म्हणाला. "जास्तीचं काय हलवू नगंस."

मोटारसायकलवर जाताना त्यानं मनातल्या मनात म्हटलं, चुकू दे. एखादी तरी खूण चुकू दे हिची. पाना अडकवताना, दगडानं ठोकताना, कोरड्या सरीत पाणी शिरून बानूबाईचा ऊस ओला होताना हेच चाललं होतं. त्याआधी वाटेत विजयसिंहाचा वॉल आवळला, तिथंही तेच.

परत आला तेव्हा वृषाली खुर्चीतून उठून उभी होती. लॅपटॉपवर बांधलेलं कर्नेल यंत्रात बसलं होतं, नियम घातले होते. दादासोनं घाम न पुसता तिच्या खुणा एकेक वाचल्या. पाहिजे तेवढ्याच होत्या. त्यानं काढलेल्या बाकीच्या खुणा तिनं तशाच ठेवल्या होत्या. कुठं बोट ठेवायला जागा नाही. त्यानं वायर लावली, बाहेरून मोबाइलवर विजयसिंहाचा वॉल उघडायला बघितलं. दार बंद.

बैठकीत विजयसिंह मान खाली घालून बसला. तात्यांनी विचारलं, "मग हे नीट कुणी केलं?"

"काकांनी," वृषाली म्हणाली. सहज म्हणाली.

दादासो ताडकन उठला. हरणं त्याला झेपत होतं. पण हिनं उदार व्हायचं आणि आपण मान झुकवून घ्यायचं? आणि उद्या गावात तिचंच कौतुक, पोरीचं मन किती मोठं?

"खोटं बोलू नगंस!" तो ओरडला. "चूक माझी. काम हिचं. फोन मीच कापला. मला कुणाची भीक नगं."

मग बानूबाई मागून म्हणाली, "आन् वॉल कुणी उघडला रं? तेबी सांग की."

लोक हसले. तात्यांनी हसण्यातच निकाल दिला. पासवर्ड दोघांकडं. एकानं बदल करायचा, तो दुसऱ्यानं वाचल्याशिवाय चालू करायचा नाही.

दादासो त्या रात्री जेवला नाही. पण ठराव ठराव असतो. आता वृषाली बारामतीहून बदल पाठवते आणि दादासो तो ओळ न् ओळ वाचतो. समजून घ्यायला नव्हे, चूक धरायला. न कळलेलं धुंडाळतो, इंग्रजी कोश उघडतो, मंजूर करताना दात आवळतो. परवा त्यानं तिला कळवलं, की एक नियम उलट्या क्रमानं लागलाय. तिचं उत्तर आलं, "बरोबर आहे काका, माझं चुकलं."

दादासोनं तो मोबाइल घेऊन आधी बानूबाईचं घर गाठलं.