धुपाटण्यात दोन डॉलर

मुलीच्या वर्गाची सहल अरबी वारशाच्या एका छोट्या संग्रहालयात जाणार होती आणि सोबतीला पालक हवे होते. मी बँकेत रजा टाकली. मुलगी चौदा वर्षांची. सिंगापुरातल्या आमच्या बिशानच्या एमआरटी मेट्रो स्टेशनवरच तिनं इथल्या 'लाह'च्या हेलात बजावलं, "बाबा, नो ड्रामा, ओके? काही केलंस तर पुढच्या ट्रिपला यायचं नाही लाह."

मी गळ्याची शपथ घेतली. माझ्या शपथेला घरात काय भाव आहे, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पितळी कॉफीदाण्या, उंटाचं खोगीर, नवरीचे चांदीचे दागिने, सगळं मी हात मागे बांधून पाहिलं. तलवारीपाशी तर ओठांवर आलेलं नाटकातलं आख्खं स्वगत गिळलं.

शेवटी आम्हाला गालिच्यावर बसवलं. संग्रहालय दाखवणाऱ्या वयस्क अरब बाईंनी मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यांवर उदाचं सुगंधी लाकूड टाकलं आणि एकेकापुढे धरायला सुरुवात केली. पाहुण्यानं तो धूर कपड्यांना लावून घ्यायचा असतो. हे त्यांनी सांगितलंही असेल. मी डोळे मिटून वास घेण्यात दंग होतो.

धुपाटणं माझ्यापुढे आलं आणि माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. दोन्ही तळवे निखाऱ्यांवर, मग डोळ्यांवर, मग डोक्यावरून मागे. आरती घेतली तर तबक रिकामं कसं पाठवायचं? खिशातली दोन डॉलरची नोट काढून अदबीनं आत ठेवली.

सिंगापूरची नोट प्लास्टिकची! तिनं क्षणात अंग आकसलं आणि अशी दुर्गंधी सोडली की उदानं शरणागती पत्करली.

"अंकल," मुलीची चिनी मैत्रीण नाक दाबून म्हणाली, "आम्ही मेलेल्या आजोबांसाठी जाळतो, पण खोट्या नोटा लाह! तुमचं कोण वारलं?"

"अजून कोणी नाही," माझ्या मुलीच्या रागानं लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघत मी म्हणालो.

सगळे बाहेर धावले. "आमच्याकडे धूप फिरला की पाहुण्यांनी निघायचं असतं," बाई खोकत, हसत म्हणाल्या, "पण इतक्या तत्परतेनं कोणी निघालेलं मी पाहिलं नव्हतं."

परतताना मुलगी मेट्रोच्या डब्यात दुसऱ्या टोकाला बसली. पुढच्या सहलीला मैत्रिणींनी मात्र हट्टानं मलाच मागितलं. दोन दिवस विचार करून मुलीनं निकाल दिला: मी यायला हरकत नाही, फक्त शेजारच्या वर्गाबरोबर.