दिवेलागणीचे लंगोट

साऱ्या जिल्ह्यातल्या हट्टी माणसांची यवतमाळात परिषद भरली, तर अध्यक्ष कोण यावर चर्चाच होणार नाही. माझे व्याही खुर्चीसुद्धा घरूनच घेऊन जातील. उभी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. निवृत्तीनंतर हाताशी फाइल उरली नाही, तेवढ्यात आमची नात जन्मली आणि यांनी तिचे लंगोट ताब्यात घेतले. जुन्या धोतरांचे चोवीस लंगोट, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पक्क्या शाईचा नंबर! मी आर्णीहून डायपरचं पाकीट नेलं, ते त्यांनी कपाटावर फेकलं. व्याह्याला ते 'इवाई' म्हणतात. "इवाई, पोरगी आहे का पार्सल? प्लास्टिकमध्ये कायले बांधता तिले?"

धुणं त्यांचं, वाळवणं त्यांचं, घड्याही त्यांच्याच. माझ्या लेकीनं दोरीला हात लावला, की सासरेबुवांच्या भुवया टाळूला भिडत. त्यात एक नियम म्हणजे दगडावरची रेघ: तान्ह्या बाळाचं कापड दिवेलागणीनंतर बाहेर राहता कामा नये. मान्य, पण पावसाळ्यात हा नियम लंगोटांनाही ठाऊक नको का? पाच वाजले की हे गच्चीवर, आणि वाळलेले, दमट, चक्क ओले, सगळे लंगोट नंबरवार घड्या होऊन पत्र्याच्या पेटीत.

पंधरा दिवसांत पोरीच्या जांघा लालबुंद झाल्या, कडेनं बारीक पुरळ आलं. शू झाली की किंकाळी. यांनी खोबरेल तेल लावलं, वर पावडर थापली, मग पुन्हा तेल. पोरगी तळायला काढलेल्या वड्यासारखी दिसू लागली, आणि पुरळ पसरतच चाललं. लेक फोनवर रडली, "बाबा, ती झोपतच नाही हो." मी पहिली एसटी धरली आणि लेक, नात नि व्याही अशा तिघांना ऑटोत कोंबून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काका, ही बुरशी आहे," बाई म्हणाल्या. "ओल्या कपड्यात वाढते."

"बुरशी? माह्या घरी? मॅडम, आमच्या लोणच्याले आली नाही कधी!"

मग मी पेटीचं प्रकरण सांगून टाकलं. बाईंनी मलम लिहून दिलं. तेल-पावडर बंद. लंगोट उकळत्या पाण्यात धुवा, खडखडीत वाळल्याशिवाय बांधू नका, ओला झाला की लगेच बदला, आणि रोज थोडा वेळ पोरीला उघडीच राहू द्या.

परतताना मी तीन टोमणे तयार ठेवले होते. घर जवळ आलं तेव्हा व्याही हळूच म्हणाले, "म्हणजे मीच पोरीले त्रास देऊन राह्यलो होतो." तिन्ही टोमणे मी गिळले.

मी आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकला, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा छळ. प्रत्येक लंगोट गालाला लावून पाहायचा. "हात फसवते, इवाई. गाल नाही फसवत." दुसरं मत म्हणून माझाही गाल! दिवेलागणीला अख्खी दोरी माजघरात, पंख्याखाली. आम्ही जेवायचो ते लंगोटांच्या तोरणाखाली. आठवड्याभरात पुरळ मावळलं. पोरगी झोपली, आणि हे तिच्याजवळ बसून राहिले.

दिवाळीनंतर जावयाची बदली पुण्याला झाली. लेक आणि नात गेल्या. परवा मी गेलो, तर व्याही गच्चीवर, रखरखीत उन्हात, मागे राहिलेला सात नंबरचा लंगोट गालाला लावून उभे.

"वाळला का?" मी विचारलं.

"नाही अजून," ते म्हणाले.

मी माझा गाल पुढे केला नाही.