धाब्याच्या घराचा ढाबा

मास्टर डिग्री करताना माझ्यावर अन्याय झाला तो एका अक्षराचा. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून किती दिवस फणफणणार? त्यांच्या नावातलं एक अक्षर बदलून पाहा म्हणावं.

आर्किटेक्टची पहिली डिग्री मी फरशीच्या दुकानात बसून पूर्ण केली. नंतर आदिलाबादेत लोकांच्या घरांचे नकाशे मंजूर करून आणायचं काम धरलं. कचेरीत कुणाशी तेलुगूत गोड बोलायचं, कुणाशी उर्दूत आदबीनं आणि कुणाशी मराठीत भांडायचं, हे मला कळत होतं. त्यामुळे हैदराबादच्या कॉलेजात मास्टरला नाव घातलं तेव्हा वाटलं, घासाघीस करणाऱ्याला तिथं काय अवघड! अवघड एवढंच होतं की तिथं मालच नव्हता, नुसते शब्द होते. भिंतीला भिंत म्हटलं की मार्क कापायचे. भिंत आकाशाशी 'संवाद' करते म्हटलं की शिकवणाऱ्या मॅडम मान डोलवायच्या. माझ्या वर्गातल्या एकानं खिडकीच नसलेली खोली काढली आणि तिला 'आत्मचिंतन' नाव दिलं. तो पहिला आला. आदिलाबादेत तो नकाशा मंजूर करून दाखवा, मी व्यवसाय सोडतो.

प्रबंधासाठी मी विषय घेतला आमच्या घराचा. इचोड्यापासून आत आमचं गाव, आणि गावात आता दोन-तीनच धाब्याची घरं उरलीत. धाबं किंवा धाबा म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी सऱ्या, त्यांवर काड्या, त्यांवर पाला आणि वर पांढरी माती चोपून बसवलेली. मे महिन्यात बाहेर कापसाचं रान तापून निघतं तेव्हा आत भिंतीला पाठ लावली की झोप लागते. असं छत आज कुणी बांधून द्यायला तयार नाही, म्हणून ते मला टिकवायचं होतं. वडिलांना मात्र स्लॅब पाहिजे होता. भाजीच्या मळ्यातून आल्यावर दर उन्हाळ्यात माती चढवायचा त्यांना कंटाळा आला होता, आणि शेजाऱ्यानं स्लॅब टाकल्यापासून तो गच्चीवरून आमच्याकडे बघायचा.

आमचा सौदा असा ठरला. वडील म्हणाले, "तुयं पुस्तक होईस्तोवर थांबतो. पुस्तकात घर आलं का मंग पाडू. पुस्तकात राह्यलंच ना ते."

म्हणजे मी डिग्री जितक्या लवकर घेणार तितक्या लवकर घर पडणार. तरी मी कबूल झालो. प्रबंध वाचून दाखवला की म्हातारा पटेल, असा माझा हिशोब होता.

विषयाचं नाव इंग्रजीत द्यावं लागतं. मी इंग्रजी अक्षरांत 'धाबा' लिहिलं आणि समितीपुढे उभा राहिलो. अध्यक्ष मॅडम दिल्लीकडच्या. माझे मार्गदर्शक सर तेलुगू. विषय ऐकून दोघंही खूश झाले, तिथंच मला संशय यायला हवा होता. मॅडमनी विचारलं, बाहेर खाटा असतात का? मी म्हणालो, असतात की. गाड्या कुठं उभ्या राहतात? समोरच्या अंगणात. मला वाटलं, बाईंना बैलगाड्यांची फार काळजी. रात्री लोक किती असतात? उन्हाळ्यात घर भरलेलं असतं, म्हणालो, सगळे वरच झोपतात. मॅडमनी हे लिहून घेतलं. सरांनी फक्त पाणी गळतं का एवढं विचारलं. गळतं म्हटल्यावर ते वॉटरप्रूफिंगवर बराच वेळ बोलले. मातीच्या छतावर रसायन कशाला, हे मला कळलं नाही. पण सर बोलत असताना कळायचं नसतं.

मग दोघं पाहणीला आले. मी गावात अंगण सारवून घेतलं, आईनं ज्वारीच्या भाकरी केल्या. सरांचा फोन आला, आम्ही पोचलो, जागा फारच उत्तम आहे. अंगणात तर कुणी नव्हतं. पत्ता विचारला तर ते नागपूरच्या हमरस्त्यावर, इचोड्याच्या अलीकडच्या एका ढाब्यावर होते.

मी मोटारसायकलवर तिथं गेलो. मॅडम खाटेवर बसून दालफ्राय खात होत्या आणि ट्रकांचे फोटो काढत होत्या. सर तंदूरची उंची टेपनं मोजत होते. मला पाहून मॅडम म्हणाल्या की तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे, फक्त वर झोपणारे लोक दिसत नाहीत.

माझं डोकं फिरलं. मी त्यांना तिथंच, तंदूरच्या धगीत, ध आणि ढ यांतला फरक समजावला. आवाज चढला असावा, कारण दोन ड्रायव्हर ताट घेऊन जवळ येऊन बसले. मॅडमना इंग्रजीत दोन्ही सारखेच दिसत होते. सर गोंधळून म्हणाले, "आपण स्लॅबच्या घराबद्दल बोलतोय ना? आमच्या तेलुगूत डाबा म्हणजे गच्चीचं घर." म्हणजे एवढे दिवस आम्ही तिघं तीन वेगळ्या इमारतींवर एकमेकांची स्तुती करत होतो.

मॅडम म्हणाल्या, नोंदीत खाण्याचे ढाबे म्हणून विषय मंजूर झालाय, बदलायचा तर सहा महिने वाया. मग मात्र मी माझ्या मूळ धंद्यावर आलो. दुसरी रोटी येईपर्यंत सौदा ठरला. मी हमरस्त्यावरच्या ढाब्याचं डिझाइन करायचं, त्यावर मातीचं धाबं घालायचं. आमचं घर मोजून परिशिष्टात टाकायचं. आणि मुखपृष्ठावर एक शब्द मराठीत, 'धाबा'. एका शब्दानं त्यांचं काही जाणार नव्हतं, म्हणून लगेच हो म्हणाल्या.

परीक्षकांनी माझ्या डिझाइनची वाहवा केली. ट्रकवाल्याचं मातीशी नातं वगैरे कुणीतरी म्हणालं. मी मान डोलवली, मार्क चालू होते.

शेवटच्या दिवशी बाइंडिंगवाल्याकडून प्रती आणल्या. काळ्या कापडावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: ढाबा. मी त्याच्या दुकानात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "दोनों एकीच है भाई, टाइम देखो." कचेरी बंद व्हायला आली होती. मी प्रती जमा केल्या.

एक प्रत घरी आणली. वडिलांनी चष्मा लावला. त्यांची शाळा मराठीतली, तीही चौथीपर्यंत, तेव्हा अख्ख्या पुस्तकात त्यांना वाचता येणारा तो एकच शब्द. त्यांनी तो बोट फिरवून वाचला.

"ढाबा? काऊन बे, आपल्या घरी ट्रकवाले जेवाले येते का?"

मी मागचं परिशिष्ट काढून द्यायला गेलो, पण ते पुढूनच पानं उलटत राहिले. ट्रक, खाटा, तंदूर, हात धुवायची जागा. आमच्या घराचा फोटो शेवटी, काडेपेटीएवढा. तिथपर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी पुस्तक मिटलं.

"हे तं हॉटेलाचं हाय. घराचं झालं का सांग, तवा पाडू."

भांडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. समोरचा स्वतःहून भाव उतरवत असला तर मधे बोलू नये. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी धाब्यावर नवी पांढरी माती चढवली. शेजारी गच्चीवरून बघत होता. बघू दे.

वडील पोळ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा विचारतात, "कुठवर आलं?" मी सांगतो, लिहून राह्यलो.

मुखपृष्ठावरचं अक्षर दुरुस्त करून मिळावं, असा कडक अर्ज मी कॉलेजसाठी लिहून ठेवलाय. भाषा अशी आहे की वाचणाऱ्याला घाम फुटावा. दर वेळी हैदराबादला जाताना तो बरोबर नेतो आणि परत आणतो. त्यांनी उद्या खरंच ढ चा ध करून दिला तर मी वडिलांना काय सांगू?