कौलांखालचं पांढरं छत

कौलारू घराला मी आतून पीओपीचं पांढरंशुभ्र छत ठोकलं होतं. वर त्यात बारके दिवे! म्हाताऱ्याला मुंडावळ्या बांधाव्यात तसं ते घर दिसत होतं. मला मात्र नवरदेव वाटलं.

रंकाळ्याच्या अलीकडच्या बोळातलं, भाड्यानं द्यायला घेतलेलं ते माझं पहिलं जुनं घर. तेव्हा मी पन्नाशीची. डोळ्यांवर गॉगल, कमरेला चाव्या, बोलणं असं की अर्धं कोल्हापूर माझंच. आमचे हे उंबऱ्यातूनच म्हणाले, "अगं, कौल कुठं सरकलंय ते आता दिसणार कसं?"

"तुम्हाला फॅशनमधलं काय कळतंय?"

माकडं उड्या मारून गेली की कौलं सरकतातच. खालून वर बघायचं, उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल काठीनं ढकलून जागेवर बसवायचं. भाडेकरू हे मालकाला न विचारताच करतात. मी तो ठिपकाच झाकून टाकला होता.

राधानगरीकडचं एक जोडपं राहायला आलं. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला, तिच्या कडेवर तान्हं बाळ. छत बघून ती हरखली, आणि मी तिच्यापेक्षा जास्त.

आषाढात छतावर बशीएवढा पिवळा डाग उमटला. तिनं दोनदा फोन केला. "रंगच हलका लागलाय गं," असं सांगून मी भजी तळायला गेले. वर पाणी साचत होतं. एका दुपारी ती बाळाला न्हाऊ घालायला मोरीत घेऊन गेली, आणि छताचा मोठा तुकडा रिकाम्या पाळण्यात पडला.

त्यानंतर मी आणखीही जुनी घरं घेतली. आता भिंतीच्या रंगाचं शेवटी बघते. दर उन्हाळ्यात आधी कौलं चाळून, म्हणजे उतरवून नीट बसवून घेते, आणि भाडेकरणीचा फोन आला की गॅस बंद करून निघते. पण त्या दुपारी पोचले, तेव्हा पाळण्यात ओला पांढरा चिखल होता आणि ती एका हातानं बोचकं बांधत होती. तरीही माझ्या तोंडातून मालकीणच बोलली, "भाडं घेत नाही, पण जाऊ नकोस."

तिनं गाठ मारली आणि माझ्याकडं बघितलं.

"भाड्याचं ऱ्हाऊ द्या, काकू. आदी हे समदं काडा. मग पाऊस लागला की पाळण्याच्या जागंव तुमी सोता एक दुपार झोपून बगा. निवांत झोप लागली, तर मला फोन करा. तवर मी म्हायेरी हाय."