आटेवाले अण्णा

आटे पाडताना अण्णा श्वास रोखून धरत. टॅपचा, म्हणजे आटे कापायच्या हत्याराचा, दांडा अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मध्येच कुणी हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नसे. बेलूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी केलगेरीला घरामागंच बंदूकदुरुस्ती सुरू केली होती, रीतसर परवाना काढून. "लोखंडाला घाई कळत नाही, बाळ," असं ते नेहमी म्हणत.

मी तेव्हा नेमबाजी करायची. राज्य संघाची निवडचाचणी तोंडावर आली होती आणि क्लबच्या ज्या रायफलीवर माझा हात बसला होता, तिला दुर्बीण लावायला भोकंच नव्हती. चार भोकं पाडून आत आटे काढायचे, एवढंच काम. क्लबनं ते अण्णांकडे दिलं.

शेवटच्या भोकात टॅप मोडला. अण्णांनी तुकडा ठोकून ठोकून बाहेर काढला, पण भोक सैल झालं. तिथं मोठ्या मापाचे आटे पाडायला हवे होते, आणि तो टॅप हुबळीहून आणावा लागला असता. चाचणी दुसऱ्या दिवशी. अण्णांनी स्क्रू चिकटवून बसवला आणि मला म्हणाले, "झालं बघ. जा, मार!"

चाचणी अर्ध्यावर आली आणि दुर्बीण हलली. गोळ्या डावीकडं सरकू लागल्या. त्या वयोगटातलं माझं ते शेवटचं वर्ष. निवड हुकली ती कायमची.

संध्याकाळी अण्णा सप्तापूरला आमच्या घरी आले. आईनं खुर्ची पुढं केली, पण ते दारातच उभे राहिले आणि टॅप मोडल्यापासूनचं सगळं सांगून टाकलं. "तप्प नंदे," ते म्हणाले. "चूक माझीच. मोडल्या मोडल्या सांगायचं होतं. तू दुर्बिणीवाचून तरी नेम धरला असतास."

"इरली अण्णा, असू दे, होतं असं," बाबा म्हणाले.

अण्णांनी रायफल नीट करून दिली आणि परवाना परत केला. पुढं मी बाजारात दिसले की ते रस्ता ओलांडून पलीकडं जात. कधी गाठलंच, तर मी म्हणायची, "तुमच्यामुळं काही झालं नाही हो, माझाच हात स्थिर नव्हता." सगळे त्यांना असंच समजावत. ऐकून ते जास्तच खचलेले दिसत.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले. त्यांची बायको, आमची अक्का, चहा टाकायला आत गेली तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"खरं सांग. दुर्बीण हलली नसती तर झाली असती निवड?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांकडं बघून ते बाहेर पडेना.

"झाली असती, अण्णा."

"राग आला होता?"

"खूप."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "इतकी वर्षं सगळे मला लहान पोरासारखं फसवत होते बघ," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

पावसाळ्याआधी अण्णा गेले. ते दोन शब्द मी पूर्वीच बोलले असते, तर मला टाळायला त्यांना रस्ता ओलांडावा लागला नसता.