लग्नाची फिल्म आणि गावची विहीर

मनमाडला गाडी बदलून मलकापूरला उतरलो तेव्हा वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं. खांद्याला आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि पिशवीत तीन रिळं. पुण्याच्या छापखान्यात माझ्या शेजारी खिळे जुळवणाऱ्या नामदेवच्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याची फिल्म मी काढणार होतो. सिनेमात शोभतील अशा दृश्यांची यादीच करून आणली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवऱ्याच्या आधी मीच बाशिंग बांधून निघालो होतो.

एस.टी.ने वडनेर भोलजी, तिथून नामदेवने आणलेल्या बैलगाडीने दीड कोस आत. घरी पोचताच त्याच्या आईने रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी वाढली. भाजीने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी तीनदा मागितली.

संध्याकाळी गाव पाहायला निघालो. वेशीजवळ दगडी विहीर, तिच्यावर वाकलेली चिंच आणि मावळतीचा उजेड. यादीतलं पहिलं दृश्य आयतंच मिळालं: पितळी घागर भरताना नवरी मान वळवून हसते. घरी येऊन मी ते शांताला, म्हणजे नवरीलाच, मोठ्या हौसेने सांगितलं. ती शाळेत मास्तरीण होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"भाऊ, त्या विहिरीवर आमाले पाणी भरू देत नाहीत. मी तिथं घागर घेऊन हासत उभी राह्यली, तं पाहणाऱ्याले वाटंल, सारं ठीक हाये."

मला माझीच लाज वाटली. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन काही वर्षं लोटली होती, ते मला ठाऊक होतं. विहीर मात्र मी नुसती सुंदर म्हणून पाहिली होती. मग तिने बेत सांगितला. उद्या लग्न लागलं की सगळं वऱ्हाड घेऊन ती तिथेच पाणी भरायला जाणार होती. जे होईल ते जसंच्या तसं काढा, कोणी आडवं आलं तर तेही फिल्ममध्ये येऊ द्या, पण काही पुन्हा करायला लावू नका, नाहीतर लोक नाटक म्हणतील, एवढंच तिचं मागणं होतं.

लग्न बौद्ध पद्धतीचं. होम नाही, अंतरपाट नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातले आणि अर्ध्या तासात लग्न लागलं. यादी खिशातच राहिली. पण खोड जाते कुठे? वऱ्हाड विहिरीकडे निघालं तसा मी पुढे धावत धूळ, पांढरं लुगडं, चिंचेतून झिरपणारं ऊन टिपत सुटलो. विहिरीशी पोचलो आणि शेवटचं रीळ निम्मं संपलं. आमच्या कॅमेऱ्यात ते काढून उलटं घातल्याशिवाय पुढचं चित्र उमटत नाही. रिळाला उजेड लागू नये म्हणून उपरणं डोक्यावर घेऊन मी सावलीत बसलो.  तेवढ्यात बाहेर रहाट कुरकुरला.

उपरणं काढलं तेव्हा भरलेली घागर काठावर आली होती. विहिरीजवळच्या पारावरचे चार-सहा जण उठून उभे राहिले होते, पण पुढे कोणी आलं नाही. एक म्हातारा पाठ फिरवून घराकडे गेला, बस. 'पुन्हा एकदा ओढा' हे शब्द माझ्या ओठांवर आले आणि शांताकडे पाहून मी ते गिळले. नामदेवच्या आईला माझ्या चेहऱ्यावरून सारं कळलं.

"काऊन तोंड पाडलं बाबू? उद्या सकायी येजो. आता रोजच भराचं हाये आमाले."

दुसऱ्या दिवशी शांता सासरी गेलेली. तिची आई आणि दोन शेजारणी उरलेल्या बुंदीबद्दल बोलत पाणी ओढत होत्या. कॅमेऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गावातली एक सवर्ण बाई जरा वेळ बाजूला थांबली, मग तिनेही आपली घागर त्याच रहाटाला लावली. उरलेलं रीळ मी तिथेच संपवलं.

पुण्यात फिल्म धुऊन आल्यावर छापखान्यातल्या मंडळींना दाखवली. सगळे विचारतात, पहिली घागर कुठे आहे? ती माझ्याकडे नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशीची आहे. ती भरताना पाहायला विहिरीवर कोणीही जमलेलं नाही.