मुलगी नापसंत, कान पसंत

आमच्या कोल्हापुरात हळू कुणी बोलतच नाही. शेजारणीकडं विरजण मागितलं तरी ते तिसऱ्या घरात कळतं. अशा गावात हळू बोलणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो निघाला कानाचा डॉक्टर.

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. लसणाचं तेल झालं, थेंब झाले, अंगारे झाले. आत्याचं मत ठाम होतं, "वाहतोय तर वाहू दे की. बंद केला म्हंजे डोस्क्यात जाईल." आत्या मूळची कागलची, आमच्याकडंच राहायची आणि घर तिच्याच आवाजावर चालायचं. कानाला कुबट वास यायचा, तेवढीच काय ती पीडा. ऐकू मात्र चांगलं यायचं. हे आधीच ठणकावून सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरून झाला. मी शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते. फळ्याकडं तोंड असलं तरी मागं कुठल्या कोपऱ्यात कोण खुसफुसतंय ते मला बिनचूक कळायचं. पोरं टरकून असायची.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मुरगूडचं एक स्थळ मला बघायला आलं. वासाचं काय करायचं? आत्यानं तोड काढली. लग्नकार्यात पुरुष कानाच्या घडीत अत्तराचा फाया खोवतात, तसा हिना अत्तराचा भलामोठा फाया तिनं माझ्या कानात कोंबला. खोली अशी घमघमली की मुलाच्या आईनं विचारलंच, "शाळंतबी असंच अत्तर लावून जाती व्हय?"

मुलाचे मामा म्हणजेच ते डॉक्टर. परदेशात शिकून आलेले, दवाखाना कोल्हापुरातच. सगळे माझा रंग आणि उंची बघत होते, हे एकटे माझ्या कानाकडं टक लावून होते. पोह्यांची बशी खाली ठेवून हळूच म्हणाले, "फाया फार आत गेलाय. काढू का?" आणि उत्तराची वाट न बघता काढला. मग जो वास सुटला! मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला तो आमचा उंबरा ओलांडेपर्यंत काढला नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला होता. दोन दिवसांत स्थळाकडून नकार आला आणि डॉक्टरांकडून निरोप आला, की मुलीला दवाखान्यात पाठवा. मुलगी नापसंत, कान पसंत!

कानात काय आहे ते डॉक्टरांनी मला समजावलं. कोलेस्टिअटोमा. पडद्यामागं, मध्यकर्णात, जिथं कातडी असायचं काही कारण नाही तिथं कातडी वाढते, कांद्यासारखे पापुद्रे धरते आणि आजूबाजूचं हाड खाते. दिसायला पांढरी गोटी, म्हणून डॉक्टर लोक तिला मोती म्हणतात. ही कातडी तिथं जन्मापासून असते की पडद्याच्या भोकातून आत शिरते, यावर ते संशोधन करत होते. डॉक्टरांच्या सभेत निबंध वाचायचा होता त्यांना. माझं नावसुद्धा त्यांनी कधी धड घेतलं नाही. त्यांच्या लेखी मी म्हणजे 'डावा कान'.

तपासणी काय, तर माझा उजवा कान तळहातानं दाबायचा आणि डाव्यात एखाद्या गावाचं नाव कुजबुजायचं. ते कुजबुजले, "चंदगड." मी म्हटलं, "चंदगड." ते म्हणाले, "शक्य नाही. आतली हाडं झिजून गेलेली असणार. माझा आवाज कवटीतून उजव्या कानात गळला."

"मग उजवा आणखी दाबा की," मी म्हटलं. दाबला, अगदी कळ येईपर्यंत. पुन्हा ऐकू आलं. तरी यांचं आपलं तेच, आवाज गळतोय! कान माझा, पण ऐकू येतंय की नाही ते हे ठरवणार!

ऑपरेशन केलं नाही तर तोंड वाकडं होईल, मेंदूत पू जाईल, असं म्हणाले. मी घाबरले. एवढंच विचारलं, "ऐकू यायचं राहील ना?" ते गोड हसले. "जे नाहीच, ते जाणार कसं?"

ऑपरेशन झालं. मोती बाटलीत घालून डॉक्टर मला दाखवायला आले, बारशाला आल्यासारखे. आत्यानं बाटली उजेडात धरून विचारलं, "नथीत बसंल का हो?" त्यांना ते आवडलं नाही.

पट्टी निघाली आणि माझी डावी बाजू गेली. आवाज यायचा, पण कुठून ते कळेना. पोरांनी आठवड्यात ताडलं. सगळी वांड कार्टी डावीकडच्या बाकांवर जाऊन बसली. मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी उजवा कान दाबला. मी थांबले, थांबले आणि म्हटलं, "बोला की." त्यांचं तर केव्हाच बोलून झालं होतं.

"आधीसारखंच आहे," म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला उलगडून सांगितलं, की कधीकधी हाडं गेलेल्या जागी तो मोतीच आवाज पुढं पोचवतो, आणि मोती काढला की आवाज तुटतो. मोती काढायलाच हवा होता, हेही त्या म्हणाल्या. असेल. जीव वाचला, नाही कोण म्हणतंय? पण 'ऐकू येतंय ते जाईल' एवढं एक वाक्य आधी बोलायला या माणसाची जीभ झिजणार होती का? मी रडले असते, आणि मग माझ्या पायांनी चालत जाऊन ऑपरेशन करून घेतलं असतं.

निबंधाच्या दिवशी त्यांनी मला सभेत नेलं. टेबलावर बाटली आणि बाटलीशेजारी खुर्चीत मी. एकेक डॉक्टर यायचा, कानात डोकावायचा आणि मान डोलवत जायचा. शेवटी आमच्या डॉक्टरांनी सभेला सांगितलं, "श्रवणशक्ती आधीही नव्हती, आताही नाही. रुग्णाचं नुकसान शून्य."

मी उठले. शाळेतल्या आवाजात म्हटलं, "डॉक्टर, तेव्हा तुम्ही कुजबुजलात ते मला ऐकू आलं, तर तुम्ही म्हणालात उजव्या कानात गळलं. उजवा कान तर आहे तसाच आहे. मग आता का गळत नाही?"

डॉक्टरांनी बाटली सरळ केली आणि नेहमीसारख्या हळू आवाजात काहीतरी उत्तर दिलं. सगळे हसले.

ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते. मला ऐकू आलं नाही.